पावसाळ्यापुरती शिडाची होडी वर काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरकडच्या एका गृहस्थांनी गेल्या दिवाळीत बावीस फुटी फायबरची शिडाची होडी विकत घेतली. तिला खाली बिडाची कील, म्हणजे तोल राखणारा तळाचा जड भाग, आहे, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन आहे. आतापर्यंत ती जयगडच्या खाडीत नांगरावर होती, आता पहिला पावसाळा येतोय. विलायती पुस्तकांत हिवाळ्यासाठी होडी वर काढून ठेवण्याची प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. त्यातलं कोकणात काय लागू पडतं, होडी खाडीतच ठेवली तर चालेल का, आणि घराजवळच्या माडाच्या वाडीत ठेवायची तर कशी, असं त्यांनी विचारलंय.

खाडीत ठेवायचा विचार आधी डोक्यातून काढा. जयगड, दाभोळ, देवगड इथे पावसाळाभर मोठ्या मच्छीमार नौका पाण्यात दिसतात, हे खरं. पण त्यांच्यावर राखणीला माणूस असतो, पाणी उपसायला पंप असतो आणि शेजारची नौका नांगर सोडून अंगावर आली तर बांबू लावायला चार खलाशी असतात. तुमच्या होडीवर आठवडा आठवडा कोणी फिरकणार नाही. आषाढात खाडीला लाल पाण्याचा लोंढा येतो, त्याबरोबर ओंडके आणि कधी कधी मुळासकट झाडं येतात. दोर एकाच जागी घासत राहतो आणि तुटतो तो नेमका रात्री. होडी वर काढायची, यात दुमत नको.

आता पुस्तकांचं. ती वाईट नाहीत, पण ती बर्फाच्या धास्तीने लिहिलेली आहेत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक, पाइप, व्हॉल्व्ह फोडतं. म्हणून तिकडे थेंब न् थेंब काढून टाकतात, नळ्यांमधून अँटिफ्रीझ फिरवतात आणि होडी प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. आपल्याकडे हिवाळा म्हणजे शीड लावायचा खरा मोसम, सकाळी जमिनीवरून मतलई आणि दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. आपली होडी निजते ती जून ते सप्टेंबर, आणि तेवढ्या काळात या किनाऱ्यावर अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. जमिनीवर ठेवलेली होडीसुद्धा बुडते, फक्त पाणी वरून येतं.

हे अलंकारिक बोलत नाहीये, हिशोब करून बघा. होडीचा वरचा भाग दहा चौरस मीटर धरा. १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १,००० लिटर, म्हणजे एक टन. आपल्याकडे एका दिवसात २०० मिलिमीटर झाला तर कोणी बातमीही करत नाही. कॉकपिटच्या, म्हणजे मागच्या बसायच्या उघड्या खळग्याच्या, निचऱ्याचं भोक एका पानाने बुजलं की तुमच्या होडीच्या स्वतःच्या वजनाइतकं पाणी एका रात्रीत, तेही मागच्या अंगाला, जमा होऊ शकतं. खालची माती भिजून मऊ झालेली असतेच. मग एक टेकू खचतो आणि होडी आडवी. पावसाळ्यात पडलेल्या ज्या होड्या मी पाहिल्यात त्यातल्या बहुतेक वाऱ्याने पडलेल्या नव्हत्या, पोटात साठलेल्या पाण्याने पडल्या होत्या. म्हणून खाली जे सांगतो ते सगळं दोन गोष्टींसाठी: आलेलं पाणी थांबता कामा नये आणि आतून वारा खेळता राहिला पाहिजे.

कधी काढायची? यांत्रिक मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणून बरेच हौशी लोक मेअखेर जागे होतात. तोवर उशीर झालेला असतो. तौक्ते वादळ २०२१च्या मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्यासमोरून वर गेलं. निसर्ग ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीची काय दशा झाली ते आपण पाहिलं. माझा नियम साधा आहे, रोहिणी लागायच्या आत, म्हणजे २५ मेच्या आत, होडी वर, बांधलेली आणि झाकलेली हवी. त्यासाठी वैशाखातल्या पौर्णिमेचं उधाण धरा. अधिक मासामुळे पौर्णिमा उशिरा येत असेल तर आधीची अमावास्या. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे तुम्हाला कोणीही तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, सांगेल. पौर्णिमेला ती सव्वाअकराच्या आसपास येते, म्हणजे सकाळी सामान उतरवायचं, भरपाण्याला होडी धक्क्याला किंवा रॅम्पला आणायची आणि काम उजेडी संपवायचं. भांगाच्या पाण्याला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरतीला, हा उद्योग करू नका. बिडाची कील चिखलात बसली की सगळा गाव गोळा करावा लागतो.

होडी उचलायला हायड्रावाला, म्हणजे फिरत्या क्रेनवाला, आत्ताच ठरवा, मेमध्ये तो मिळत नाही. हायड्रा चालवणाऱ्याला पाण्याच्या टाक्या आणि ट्रान्सफॉर्मर उचलायची सवय असते, होडीचं वजन तळाशी कीलमध्ये असतं हे त्याला नीट समजावून सांगा. तारेचे दोर अजिबात नकोत, रुंद कापडी पट्टेच हवेत. एक कीलच्या पुढे, एक मागे. मागचा पट्टा सुकाणूवर येता कामा नये. दोन्ही पट्टे वर एकमेकांना बांधा म्हणजे पुढे-मागे सरकणार नाहीत. जागा जमली की दोन्ही बाजूंना रंगीत टेपने खूण करून ठेवा, पुढच्या वर्षी शोधाशोध नको. डोलकाठी आधीच उतरवलेली हवी. वाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर घराघरांत गेलेल्या विजेच्या तारा किती खाली लोंबतात ते आदल्या दिवशी चालत जाऊन बघा. ॲल्युमिनियमची काठी आणि विजेची तार यांची गाठ म्हणजे जिवाशी खेळ. पाणंदीची रुंदीही मोजा, होडी पोटात आठ फूट भरते.

वर आल्या आल्या, त्याच दिवशी, तळ धुवा. ओले असताना शेवाळ आणि शिंपले लाकडी पट्टीने खरवडून निघतात. दोन दिवस मेच्या उन्हात राहिले की छिन्नी घ्यावी लागते, आणि छिन्नीने फायबरचा वरचा लेप जातो. जमलं तर मच्छीमार सोसायटीतून प्रेशर पंप भाड्याने घ्या.

जागेबद्दल मला तुमच्याशी भांडायचंय. वाडी चांगली, पण माडाखाली नाही! सोललेला नव्हे, सोडणासकटचा नारळ चाळीस फुटांवरून पडला तर डेकला भोक पडतं, आणि वादळात झावळ्या व शेंडे पडतात ते वेगळेच. सुरूच्या बनातही नको, निसर्गमध्ये सुरू मुळापासून उपटले गेले. आंब्या-फणसाखाली पानांनी निचरा बुजतो. उघडी, थोडी उंचावरची, घराच्या किंवा गडग्याच्या आडोशाची जागा बघा, म्हणजे नैर्ऋत्येचा वारा थेट लागणार नाही. पुळणीवर ठेवायची असेल तर मर्यादवेलीच्या पुष्कळ वर ठेवा. पावसाळी उधाणाला समुद्र तिथवर आणि त्याच्याही पुढे येतो, कुठवर ते गावातल्या जुन्या माणसाला विचारा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे, नैर्ऋत्य-पश्चिमेला करा.

टेकूंवर मात्र कंजुषी नको. फॅब्रिकेटरकडून लोखंडी पाइपचे तीन पायांचे स्टँड बनवून घ्या, वर जाड आट्याचा स्क्रू आणि त्यावर फिरती पाटी. बावीस फुटीला दोन्ही बाजूंना दोन-दोन आणि नाळेखाली एक हे कमीत कमी, मी तीन-तीन लावतो. सगळं वजन कीलवर बसलं पाहिजे. स्टँड फक्त तोल धरतात. पाटीच्या जागी फायबर आत दबलेलं दिसलं तर समजा की स्टँड वजन उचलतोय, स्क्रू अर्धा फेरा सोडा. पाटी येते तिथे आतून आडवी भिंत असली पाहिजे. बोटाच्या पेराने ठोकत जा, पोकळ आवाज बदलून भरीव आला की ती जागा. समोरासमोरचे स्टँड कीलखालून साखळीने जोडा, म्हणजे बाहेर फाकणार नाहीत. ही साखळी लोक विसरतात आणि नंतर रडतात. कीलखाली जुने रेल्वे स्लीपर किंवा ऐनाचे जाड वासे, जमिनीपासून वीतभर तरी उंच. कोकणात सगळं जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवायची सवय आहे, पण जांभा मधोमध एका ठिकाणी पडणारा भार सोसत नाही, कोपरा उडतो. चिरा खाली चालेल, वर लाकूड पाहिजेच. आणि स्टँडच्या प्रत्येक पायाखाली फूटभर चौकोनी जाड प्लायवूड द्या. दरवर्षी तीच जागा वापरणार असाल तर काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाकून घ्या, त्या खर्चाचं दुःख होणार नाही. लाकडाला वाळवी लागते हे लक्षात ठेवून जळकं ऑइल मारा.

होडी नाळेकडून चारेक बोटं उंच ठेवा, पाणी आपसूक मागे वाहील. मग एक बादली पाणी नाळेच्या डेकवर ओता आणि ते जातं कुठे ते बघत बसा. कॉकपिटमध्ये थबकलं, कोपऱ्यात डबकं झालं, तर उतार बदला. तळाचं बूच काढून टाका आणि ते घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवा, नाहीतर ऑक्टोबरमध्ये बूच न लावता होडी पाण्यात जाते. बुचाच्या भोकात गांधीलमाशी घर करते, म्हणून बाहेरून मोठ्या छिद्रांची जाळी लावा. बारीक जाळी नको, ती मातीने बुजते.

वाऱ्याचाही हिशोब सांगतो. निसर्ग किनाऱ्याला लागलं तेव्हा वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर होता, झोत १२० पर्यंत. ११० च्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर पंचावन्न-साठ किलोचा रेटा येतो. तुमच्या होडीची बाजू आठेक चौरस मीटर, म्हणजे साडेचारशे किलोंनी कोणीतरी आडवं ढकलतंय. उभी डोलकाठी असली तर तोच वारा तीस फूट लांबीच्या पहारीने होडी उलथायला बघतो, म्हणून काठी खाली. होडी जमिनीला बांधायची ती पॉलिएस्टरच्या रॅचेट पट्ट्यांनी. नायलॉन भिजला की ताणतो, ढिला पडतो. जांभ्यात लोखंडी कडी पक्की बसवता येते. रेताड जमिनीत हात-दीड हात लांब सुरूचा ओंडका आडवा, कमरेइतक्या खड्ड्यात पुरून त्याला साखळी बांधून वर काढा. नाळेला दोन, मागे दोन, बस.

आता झाकण, ज्यावर सर्वांत जास्त पैसे वाया जातात. निळं प्लास्टिक होडीला घट्ट गुंडाळून दोरीने आवळणं हा सर्वांत वाईट प्रकार. आतल्या दमटपणाला बाहेर पडायला वाट नाही, गणपतीत उघडाल तेव्हा आतल्या गाद्यांवर काळी बुरशी आणि लाकडावर पांढरी. फायबरला वाटतं तेवढं पाणी वर्ज्य नाही, पण तळात साठलेलं गोडं पाणी महिनोन्‌महिने आतून मुरत राहिलं की लेपाखाली फोड येतात, आणि ते दुरुस्त करणं खर्चाचं काम आहे. म्हणून झाकण म्हणजे छप्पर समजा. उतरवलेली डोलकाठी पुढे-मागे कैच्यांवर ठेवा, तेच आढं. त्यावर चिव्याच्या काठ्यांचे वासे बांधा, टोकांना जुनी कापडं गुंडाळा. वर जाड ताडपत्री, उतार तीव्र, डेकपासून हातभर वर. पुढची आणि मागची तोंडं उघडी, फक्त पावसाच्या झडीला अडवेल एवढी पुढे आलेली. बाजूच्या दोऱ्या होडीच्या पोटाखालून पलीकडे नेऊन बांधा. स्टँडला चुकूनही बांधू नका: ताडपत्री फडफडली की ती स्टँड हलवते, आणि हललेला स्टँड म्हणजे पडलेली होडी. दोऱ्यांना पाण्याचे कॅन लटकवायचा सल्ला पुस्तकांत असतो. आपल्या वाऱ्यात ते कॅन होडीच्या अंगावर आदळत राहतात.

आपले लोक अजूनही होड्या झापांनी शाकारतात ते काही पैसे नाहीत म्हणून नव्हे. झावळीचा झाप फडफडत नाही, त्यातून हवा जाते आणि ऊन लागत नाही. मी ताडपत्रीवर झापांचा एक थर सुंभाने बांधतो; ताडपत्री दोन मोसम जास्त टिकते. तोटा एकच, झापात उंदीर येतात आणि उंदरामागून कोण येतं ते सांगायला नको. फुरसं झाकणाच्या घडीत बसलेलं असतं. ताडपत्रीची कड हाताने नव्हे, काठीने उचला.

बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला तर नुसतं लक्ष ठेवा, दोऱ्या आवळा. वादळाचाच इशारा आला तर ताडपत्री काढून टाका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण निचरा उघडा असेल तर एक दिवसाचा पाऊस होडी सोसते. फुगलेली ताडपत्री मात्र तिला उचलून फेकते.

आतलं काम कंटाळवाणं आहे, पण अवघड नाही. गाद्या, कागद, दोर, लाइफ जॅकेट सगळं घरी. तळफळ्या उचलून उभ्या ठेवा, कप्प्यांची दारं उघडी. बिल्ज, म्हणजे तळफळ्यांखालची पोकळी, कोरडं पुसा. आतल्या भिंती व्हिनेगरच्या पाण्याने पुसल्या तर बुरशी उशिरा येते. ओल शोषणारे डबे दुकानदार देईल. उघड्या हवेत ते आख्ख्या कोकणाची ओल शोषत बसतात, घेऊ नका. तळाचे व्हॉल्व्ह बंद ठेवायचं कारण नाही, उघडे ठेवा, पाणी जाईल. बॅटरी घरी आणा, महिन्याला एकदा चार्ज करा.

शिडं गोड्या पाण्याने धुवा, आणि हे खरोखर मन लावून करा. मीठ हवेतली ओल ओढतं; खारट शीड श्रावणात कधीच वाळत नाही, घडीत काळे ठिपके धरतात. सावलीत वाळवा, उन्हात तासन्‌तास पसरू नका. मग सैल गुंडाळी करून माळ्यावर, पण माळ्याच्या फळीवर न ठेवता आढ्याला दोरीने लोंबती, उंदरांसाठी. धुताना शिवण नखाने खरवडून बघा. धागा तुटत असेल तर आत्ताच शिवायला द्या, ऑक्टोबरात कारागीर सापडत नाही. काठीतून जाणारे दोर काढताना टोकाला बारीक सुतळी बांधून ती आत ओढून ठेवा, नाहीतर परत ओवताना डोकं धराल. स्टेनलेसच्या तारांच्या टोकाशी, जिथे तार नळीत शिरते, तिथे तांबूस ओघळ किंवा एखादा सुटलेला तंतू दिसला तर ती तार बदला. त्यावर टेप गुंडाळून ठेवू नका. स्टेनलेसला हवा लागते, टेपखाली ते मुकाट्याने कुजतं.

इंजिनला पिंपात गोड्या पाण्यात उभं करून दहा मिनिटं चालवा, मग पेट्रोलची नळी काढून ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्ब्युरेटर रिकामा होईल. टाकी काठोकाठ भरून ठेवा हा सल्ला डिझेलचा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेत पाणी ओढतं आणि तळाशी वेगळं होतं. टाकी रिकामी करा, ते पेट्रोल स्कूटरमध्ये घाला. खालच्या गिअरचं तेल काढून बघा: दुधासारखं दिसलं तर सील गेलंय. नवं तेल आत्ताच भरा, आणि इंजिन उभं ठेवा, आडवं नको.

लाकडी होडीवाल्यांसाठी एवढंच की त्यांचं गणित उलटं आहे. ती एप्रिलपासून उन्हात ठेवली तर फळ्यांच्या सांधी उघडतात. सावली आधी, छप्पर नंतर. मराठ्यांच्या आरमाराला विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत गिर्ये इथे कातळ तासून गोदी करावीशी वाटली ती उगाच नाही, लाकडी गलबताला आडोसा आणि भरतीचं पाणी दोन्ही हाताशी लागतं.

पावसाळ्यात दर आठवड्याला एक फेरी मारा, आणि रात्रभर झोडपलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी. वर चढू नका. निचऱ्यातून पाणी येतंय का, प्लायवूड मातीत रुतलंय का, साखळी ताठ आहे का, एवढं खालूनच दिसतं. तुम्ही मुंबईला राहणार असाल तर शेजारच्याला पैसे देऊन हे काम लावा आणि त्याला फोटो पाठवायला सांगा. विम्यालाही तेच फोटो लागतात.

पाण्यात परत कधी? नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करा, होडी नको. तो मुहूर्त इंजिनवाल्यांचा आहे. शिडाच्या होडीला हस्ताचा गडगडाटी पाऊस सरू द्या, दसऱ्यानंतर तळाला रंग द्या आणि रंग लागल्यावर फार दिवस न घालवता उतरवा, कोरड्यात पडून राहिला की बऱ्याच रंगांचा गुण जातो. उतरवल्यावर स्टँड लगेच भंगारात किंवा शेजाऱ्याच्या गोठ्यात देऊ नका. फयान वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी आलं होतं. हायड्रावाल्याचा नंबर आणि स्टँड, दोन्ही कार्तिक संपेपर्यंत हाताशी असू द्या.